लाल शाईतला ‘स्व’

“थांबा. ते ‘श्रीमंत’ खोडा,” तात्याराव म्हणाले. “तो जहागीरदार होता, श्रीमंत नव्हता.”

“जहागीर होती आणि श्रीमंत नव्हता?” प्रेमलाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“अहो, हा मान आहे, बँकेतली शिल्लक नव्हे. दरबारानं दिला तरच लावायचा. ज्याला दिला नाही, त्यानं उगाच मिरवू नये.”

प्रेमलाबाई वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. तात्यारावांची नजर गेल्या वर्षी पार अधू झाली, तेव्हापासून रोज सकाळी खाली येऊन त्या त्यांच्या पुस्तकाची प्रुफं वाचून दाखवत, चुका दुरुस्त करत. पुस्तक राजेरजवाड्यांच्या आणि मानकऱ्यांच्या किताबांवर होतं. कुठला किताब कुठून आला, कुणाला शोभतो, कुणाला नाही. तीस वर्षं घातली होती त्यात. लग्न नाही, पोरंबाळं नाहीत, मग माणूस वेळ घालवणार तरी कशात, असं सगळी सदाशिव पेठ म्हणायची.

“‘वजीर म्हणजे ओझं वाहणारा’,” बाई वाचू लागल्या. “हे खरं?”

“मूळ अरबी. राज्याचा भार वाहतो तो वजीर, असं सांगतात. लोकांना पगडी दिसते, ओझं नाही दिसत.”

“आज सूर काही बरा नाही तुमचा.”

सूर कुठून बरा असणार? तीन रविवार झाले, स्वराली आली नव्हती.

स्वराली त्यांच्या मित्राची, श्यामची मुलगी. श्याम खडकीला दारूगोळा कारखान्यात होता. पोर चार वर्षांची असताना तो गेला आणि तिचं सगळं तात्यारावांनीच पाहिलं. शाळा, दुखणीखुपणी, लग्नसुद्धा. लग्न होऊन ती वारज्याला गेली, तरी दर रविवारी डबा घेऊन यायचीच. महिन्यापूर्वी तिची आई, कुसुमवहिनी, वारल्या. तेराव्यापासून स्वराली फोनही उचलेना. इकडे तात्यारावांचा जीव टांगणीला लागला होता.

“आईचं दुःख आहे, येईल हो,” बाई म्हणाल्या.

“पुढच्या महिन्यात प्रकाशन आहे. ती समोर बसणार नसेल तर मला ते पुस्तकही नको आणि तो हारही नको.”

असं कधी बोलत नसत ते. बाईंनी घाईनं पान उलटलं. “अर्पणपत्रिका वाचते. ‘परममित्र कै. श्याम यांची कन्या सौ. स्वराली हिस.’ बरोबर?”

“बरोबर.”

“मग राहिलं पत्रातल्या मायन्यांचं प्रकरण. ‘तीर्थरूप’...”

“तीर्थरूप फक्त जन्मदात्या आईवडिलांना. बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. मधला ‘स्व’ गाळायचा नाही. स्वरालीनं गाळला होता. दहा वर्षांची असेल. शाळेच्या सहलीला रायगडावर गेली आणि तिथून मला कार्ड टाकलं, ‘तीर्थरूप तात्या’ म्हणून. मी लाल शाईनं ‘स्व’ घालून कार्ड तिच्या हातात परत दिलं.”

“एवढ्याशा पोरीला? धन्य आहे बाई तुमची!”

“चूक ती चूक. खूप रडली. पण पुन्हा कधी चुकली नाही.” तात्यारावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तसाही त्याचा आता उपयोग नव्हता.

बेल वाजली. कुरियर होतं.

“वारज्याहून आलंय,” बाई दारातूनच म्हणाल्या. “घ्या! स्वरालीचंच.”

म्हातारा खुर्चीतून अर्धा उठला. “फोडा, फोडा. वाचा आधी.”

बाईंनी पाकीट फोडलं. “पत्र नाही. जुनं पोस्टकार्ड आहे. अगंबाई, तेच हे, रायगडाचं! खाली नवीन दोन ओळी लिहिल्यात.” त्या वाचू लागल्या. “‘आईचं कपाट आवरलं. तिनं जपलेली तुमची पत्रं वाचली. प्रकाशनाला येणार नाही. यापुढे रविवारीही नाही.’”

तात्याराव हळूच खाली बसले. रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला.

“आणखी काही?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. वर मायन्यात तुमच्या त्या लाल ‘स्व’वर काट मारलीय, एवढंच. राग बिचाऱ्या अक्षरावर काढला वाटतं.” बाईंनी सवयीनं लाल पेन्सिल उचलली. “घालते परत. छापायला नसलं म्हणून काय झालं, चूक ती चूक.”

तात्यारावांनी चाचपडत कार्डावर हात ठेवला.

“नको,” ते म्हणाले. “आता बरोबर आहे.”