टीव्हीतल्या बाईंची शाबासकी

"सात आठे किती?"

ल्युबिंकाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. समोर पंधरा मुलं, एका बाकावर एकच, आणि पंधराही जणं त्यांच्याकडे टकामका बघत होती. हात एकाचाही वर नाही. मार्चमध्ये साथीमुळे शाळा बंद होईपर्यंत हीच पोरं प्रश्न पुरा व्हायच्या आत 'मी सांगतो, मी सांगतो' करत बाकावर चढायची. आता सप्टेंबरमध्ये शाळा उघडली होती, पोरं तिसरीत गेली होती, अर्ध्या वर्गाला सकाळी बोलावलं होतं आणि अर्ध्याला दुपारी. सकाळच्या अर्ध्या वर्गाने आल्या आल्या मौनव्रत धरलं होतं.

बाईंना कारण ठाऊक होतं. त्या कारणाचं नाव तियाना.

मार्चपासून जूनपर्यंत रोज सकाळी ही तियाना टीव्हीवर दुसरीचे धडे घ्यायची. बेलग्रेडची, जेमतेम तिशीची, केस नुकतेच न्हायल्यासारखे भुरभुरीत, आणि मागे फळा असा चकचकीत की त्यावर कधी खडू टेकला असेल असं वाटू नये. देशभरातली दुसरीची पोरं तिच्यापुढे बसलेली. ल्युबिंकाबाईसुद्धा बसायच्या. एकही धडा चुकवला नाही त्यांनी. शिकायला नव्हे, चुका काढायला. एकदा वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्यायचा तियाना विसरली. बाईंनी ते तारीखवार वहीत लिहून ठेवलं. तो दिवस त्यांचा फार छान गेला.

"चाळीस वर्षांच्या संसारात माझ्यावर कधी एवढी पाळत ठेवली नाहीस," त्यांचा नवरा द्रागिशा म्हणाला.

"तुझ्यात बघण्यासारखं होतं काय?" असं म्हणून बाईंनी आवाज वाढवला. टीव्हीचा.

हेवा वाटत होता, त्यात लपवायचं काय? एकोणसाठाव्या वर्षी, कधी न भेटलेल्या एका पोरीचा हेवा. पहिलीपासून हा वर्ग त्यांनी हाताला धरून चालवला होता. पेन्सिल कशी धरायची इथपासून सगळं. आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला ही आली. बाईंच्या वाट्याला काय, तर फोनवर गृहपाठ पाठवणं आणि आयांनी काढलेले अंधूक फोटो डोळे ताणून तपासणं. सगळ्यात जास्त झोंबायची ती तिची शाबासकी. चौतीस वर्षांत बाईंनी 'शाब्बास' हा शब्द फार जपून वापरला होता. ज्याला मिळायचा तो घरापर्यंत पळत जायचा सांगायला. आणि ही दर दोन मिनिटांनी कॅमेऱ्याकडे बघून म्हणायची, "शाब्बास, माझ्या सोन्यांनो!" फुकटात वाटलेल्या गोळ्या पोरांना गोड लागणारच.

उन्हाळ्यात द्रागिशाने निवृत्तीचा अर्ज आणून टेबलावर ठेवला होता. एक वर्ष आधी घेतली तर कोणाची हरकत नव्हती. "पोरांना माझी गरज आहे का बघते, मग सही करते," बाई म्हणाल्या होत्या.

आज बघत होत्या. सकाळी फाटकाशी एकेकाचा ताप मोजून आत घेताना दुन्या नावाची चुणचुणीत मुलगी त्यांना आपादमस्तक न्याहाळून म्हणाली होती, "बाई, तुम्ही तियानाबाईंपेक्षा बुटक्या आहात." मागे कोणीतरी टीव्हीवरच्या धड्याची धून गुणगुणत होतं. आणि आता हे. सोपा प्रश्न, तीनदा विचारलेला, आणि पंधरा गप्प तोंडं. मुलांना बाकावर बसल्यावर मास्क काढायची मुभा होती, त्यामुळे ती बंद तोंडं चांगली स्वच्छ दिसत होती.

ठरलं मग. आज घरी गेल्यावर सही.

पण तोंडातून जायचं ते गेलंच.

"तुमच्या तियानाबाईंनी विचारलं असतं, तर सांगितलं असतंत ना रे?"

"नाही," तिसऱ्या बाकावरचा वुकान म्हणाला.

"नाही? का बरं?"

"आधी सांगायचो. ओरडून सांगायचो. आजी म्हणायची, हळू सांग, खालच्या मजल्यावर ऐकू जातंय." वुकानने मान खाजवली. "मग एकदा मी मुद्दामच चुकीचं सांगितलं. तरी म्हणाल्या, शाब्बास."

"मलापण म्हणाल्या," दुन्या म्हणाली. "मी तर काही सांगितलंच नव्हतं. मी दूध पीत होते."

"मी तर खोलीतच नव्हतो," मागून कोणीतरी म्हणालं.

कोणी हसलं नाही. मुलं अजून तशीच बघत होती त्यांच्याकडे, आणि ते बघणं नुसतं गप्प नव्हतं, कसली तरी वाट बघत होतं, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

वुकान उठून उभा राहिला. गार पाण्यात पाय घालावा तसं जपून म्हणाला, "सात आठे चोपन्न."

"चूक!"

सहा महिन्यांचा साचलेला आवाज मास्क फाडून बाहेर आला. "साफ चूक! चोपन्न? कुठल्या गाढवाने शिकवलं तुला? अरे, मागच्या वर्षी झोपेतून उठवलं तरी सांगत होतास! इकडे ये आधी, फळ्यापाशी, आणि साताचा पाढा पहिल्यापासून म्हण!"

वुकानचे कान लालबुंद झाले. मग त्याचा चेहरा असा काही खुलला की बाई बोलायच्या थांबल्या. तो वळला आणि सगळ्या वर्गाला ओरडून म्हणाला,

"अरे, ह्यांना ऐकू येतं!"