रिंगच्या अलीकडे

"सलग तिसरी हार, आणि तीही कल्याणच्या पोरांकडून," मैदानाच्या पायरीवर बसत विश्राम तोडणकर म्हणाला. "हंगाम नीट सुरू होईपर्यंत आपली अब्रू गेलेली असेल, बाळासाहेब."

बाळासाहेब खांबेट्यांनी वही उघडली. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात चौतीस वर्षे त्यांनी सुट्या भागांची मापे तपासली होती. निवृत्तीनंतर डोंबिवलीतल्या मंडळाच्या बास्केटबॉल संघाची प्रत्येक फेक ते त्याच शिस्तीने टिपून ठेवत.

"ऋतुराज. काल अठरा फेकी, पाच बास्केट. चुकलेल्या तेरापैकी अकरा रिंगच्या पुढच्या कडेवर."

"अहो, पण इथे सरावाला बघा त्याला. पावसाळ्यानंतर काय उडी वाढलीय. गेल्या वर्षी नुसती बोटं लागायची, आता रिंग धरून लोंबकळतो. ठाण्याच्या संघात आहे असा कोणी?"

"त्यांच्याकडे सहा फूट पाच इंचांचा गडी आहे."

"तो ताडमाड? चेंडू प्रसादासारखा घेतो आणि उभा राहतो."

बाळासाहेब हसले नाहीत. "ऋतुराज घरी साठ टक्के, बाहेर अठ्ठावीस. घरचा वाघ."

"बाहेर सगळेच चुकतायत. त्या एकट्यावर का घसरता?"

"सर्वाधिक फेकी त्याच्या."

"चेंडू वेगळे असतील हो तिकडचे."

"हवा तपासली. सारखीच आहे."

"मग आपली रिंग?"

"ते खांब मी उभे केलेत, विश्राम. बारा वर्षांपूर्वी, ओळंबा लावून. मिलिमीटरचाही फरक नव्हता."

विश्राम गुडघ्यावर हात टेकून उठला आणि मैदानात उतरला. "तुमच्या काँक्रीटचे मात्र उपकार. ही शेवटची पायरी उतरताना पूर्वी जीव जायचा. आता पाऊल अलगद पडतं."

जुन्या, भेगाळलेल्या मैदानावर मे महिन्यात काँक्रीटचा नवा थर चढवला होता. देखरेख बाळासाहेबांची. फाटकाशी लावलेल्या संगमरवरी पाटीवर त्यांचे नाव होते. आयुष्यात प्रथमच कुठेतरी कोरलेले.

रविवारी सकाळी समितीची बैठक भरली. ऋतुराज संघात राहिला तरच त्याला जिल्ह्याच्या निवडचाचणीला बसता येणार होते, आणि तिथूनच क्रीडा कोट्यातल्या नोकरीची वाट होती. वयाच्या अटीत बसणारे हे त्याचे शेवटचे वर्ष.

"मला त्याला अजून दोन सामने द्यायचे आहेत," प्रशिक्षक देवयानी म्हणाली. "इथे असा खेळणारा मुलगा बाहेर एकाएकी खेळ विसरत नाही. कुठेतरी काहीतरी चुकतंय."

बाळासाहेबांनी वही टेबलावर ठेवली. "भावना बाजूला ठेवू. आकडे पाहू."

आकड्यांपुढे कोणाचे काही चालले नाही. ऋतुराजला वगळण्यात आले.

तो बाहेर व्हरांड्यातच उभा होता. "तुमची वही खरं बोलते, काका. हात थोडासा कमीच पडतो. का, तेच कळत नाही."

"मनाचा खेळ असतो रे," बाळासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "थोडी विश्रांती घे."

दुपारपर्यंत मैदान रिकामे झाले. बाळासाहेबांनी रुमालाने पाटीवरची धूळ पुसली. मग पिशवीतून पोलादी टेप काढली, तिचे टोक वर सरकवत रिंगच्या कडेला अडकवले आणि चष्मा सावरून जमिनीलगतचा आकडा वाचला. नियमाप्रमाणे तीन मीटर पाच सेंटीमीटर हवे. दोन मीटर पंच्याण्णव भरले; काँक्रीटच्या नव्या थराने खालून बरोबर दहा सेंटीमीटर खाल्ले होते.

त्यांनी वहीचे शेवटचे पान उघडले आणि आजची तारीख घालून तो आकडा सुवाच्य अक्षरात लिहिला. त्याच्या वर तोच आकडा आणखी चार वेळा लिहिलेला होता. पहिली तारीख हंगाम सुरू होण्याच्या आठ दिवस आधीची होती.