डाव्या अंगाची थाप

निमोण्याच्या ज्ञानूआबांचा डावा हात लकव्यानं लुळा पडला, तरी धनगरी गजीनृत्याच्या संघाचा ढोल त्यांच्याच गळ्यात होता. शिरूरच्या स्पर्धेत हरलो तर ढोल कायमचा उतरवीन, असा शब्द त्यांनी बिरोबाचा भंडारा उचलून दिला होता.

दौंडच्या संघाचा ढोलकरी सर्जेराव हसला. "आबा, एका हातानं टाळीबी वाजत न्हाई. ढोल कसा वाजवणार?"

"टाळ्या तू वाजव," आबा म्हणाले. "शेवटी तेवढंच काम ऱ्हाईल तुला."

भर दुपारी मांडवात आबांनी उजव्या हातानं टिपरू मारलं. डावा हात झोळीत बांधलेला. तरीही ढोलाच्या डाव्या अंगावर अशी थाप घुमली, की परीक्षकांच्या पेल्यातलं पाणी हिंदकळलं. नाचणारे गडी बेभान झाले. आबांनी डावीकडं पाहिलंच नाही. चालत्या गाड्याला खीळ कोण घालतो?

पहिला नंबर निमोण्याचा आला. सगळ्यांत आधी टाळ्या सर्जेरावानंच वाजवल्या. "आबा, जिंकलात. आता पुन्यांदा होऊन जाऊ द्या."

छाती फुगवून आबा ढोलावर सांडलेला भंडारा पुसू लागले. डाव्या कातड्यावर पाच बोटांचा पंजा दिसत होता. त्यांनी फडकं फिरवलं. भंडारा गेला, पंजा राहिला. तो आतून टेकलेला होता.

"वाट कुणाची बघताय, आबा?" सर्जेरावानं विचारलं.

टिपरू अजून खालीच होतं. पंजा कातड्यापासून हळूच मागं सरला, आणि थाप पडली.