पहिलं वाक्य

“पहिल्याच वाक्यात सांगायचं,” केशरताई फोनवर म्हणाल्या. “चहा घेणार का, भाताचं कसं काय, असलं काही नाही. माणूस खुर्चीत बसला की आधी बातमी. बाकीचं मग.”

शिल्पानं ते वहीत लिहून घेतलं. रिसॉर्टच्या मागं चढावर पाण्याची टाकी होती. नंदिगड्ड्याच्या त्या जंगलात मोबाइलला धड रेंज मिळायची ती टाकीच्या कट्ट्यावरच. दर गुरुवारी दुपारी चारला ती तिथं येऊन बसायची. एचआरमध्ये नव्यानं लागलेल्यांना जुन्या जाणत्या माणसाशी जोडून देणारा सहा महिन्यांचा मेंटॉरिंग कार्यक्रम होता. तिच्या वाट्याला बेळगावच्या केशरताई आल्या होत्या. त्यांची तीस वर्षं कारखान्यांत माणसं नेमण्यात आणि काढण्यात गेलेली. कार्यक्रमाचा एक नियम होता. अडचण मोकळेपणानं सांगायची, पण कामगाराचं नाव घ्यायचं नाही.

“ड्रायव्हर आहेत,” शिल्पा म्हणाली. “पाहुण्यांना उघड्या जीपमधून जंगलात नेतात. एकोणीस वर्षं झाली. गेल्या आठवड्यातल्या तपासणीत काचबिंदू निघाला. उजव्या डोळ्यानं जवळजवळ दिसतच नाही.”

“मग गाडी बंद.”

“हो.”

“रागीट आहे का माणूस?”

“नाही. कधी आवाज चढलेला ऐकला नाही.”

“घरची अडचण?”

“मुलगी कमावती आहे. खायला कमी पडणार नाही.”

“मग घाबरतेस कशाला?”

शिल्पानं खाली पाहिलं. वडाखाली जीप उभी होती आणि परशुराम पुढची काच पुसत होता. एकच जागा तो पुन्हा पुन्हा पुसत होता.

“गाडी गेली तर त्यांच्याकडं काय उरेल, ते कळत नाही,” ती म्हणाली. मग जरा वेळानं, “ताई, तो रिपोर्ट अजून फक्त मीच पाहिलाय.”

रेंज गेली की काय म्हणून तिनं फोन कानापासून काढून बघितला.

“त्या जीपमध्ये मागं कोण बसतं?” केशरताईंनी विचारलं.

“पाहुणे. त्यांची मुलंबाळं.”

“मग तू मला नक्की काय विचारते आहेस?”

शिल्पानं वही मिटली.

“हे बघ,” केशरताईंचा आवाज मऊ झाला, “पहिल्या माणसाला काढलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन ओकले होते. तुला वाईट वाटतंय, ते बरंच आहे. पण ते त्याच्या अंगावर टाकू नकोस. टेबलाच्या पलीकडं बसू नकोस, शेजारी बस. ‘मी समजू शकते’ म्हणू नकोस. आणि उठताना त्याच्या हातात पुढचं काहीतरी दे, अगदी छोटं का होईना.”

दुसऱ्या दिवशी तिनं रिपोर्ट मॅनेजर रोहनच्या टेबलावर ठेवला. त्यानं तो वाचला आणि चष्मा काढला.

“मी सांगू का?” तो म्हणाला. “तुम्ही नका पडू यात.”

“नको. मीच सांगते. पण त्यांना गाइड म्हणून ठेवा. चालवणाऱ्याच्या शेजारी बसतील, पाहुण्यांना जंगल दाखवतील. त्यांच्याइतकी पाखरं इथं कुणाला ओळखता येतात?”

त्यासाठी तिला अर्धा तास भांडावं लागलं. शेवटी रोहननं मान हलवली.

शनिवारी सकाळच्या फेरीआधीच तिनं परशुरामला बोलावलं. तो दारात चपला काढून उभा राहिला.

“मॅडम, बोलावलं व्हय?”

तिनं खुर्ची त्याच्या शेजारी ओढली. पाण्याचा ग्लास त्याच्यापुढं ठेवला.

“आजपासून तुम्हाला गाडी चालवता येणार नाही,” ती म्हणाली. “उजव्या डोळ्यात काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली वाचवता येईल.”

पहिलं वाक्य म्हणून झालं होतं.

परशुरामनं ग्लास बाजूला सरकवला. बाहेर कुणीतरी पाहुण्यांच्या बॅगा उतरवत होतं.

“मला ठाव हाय, मॅडम,” तो म्हणाला. “आठ दिस झालं, तुम्ही माज्याकडं बघून बोलत न्हाई. आन् परवा वळणावर गवा आडवा आला. मागचं पोरगं वरडलं, तवा मला दिसला. तवापासनं म्याच सांगणार हुतो. धीर झाला न्हाई.”

“कुणाला काही झालं नाही ना?”

“न्हाई. पर झालं असतं.”

तिनं त्याला गाइडच्या कामाचं सांगितलं. मंगळवारी धारवाडला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, त्याची चिठ्ठी दिली. त्यानं ती घडी घालून खिशात ठेवली.

“शेजारी बसून दुसऱ्याच्या हातात स्टेअरिंग बघायचं,” तो म्हणाला. “जमंल का, आज न्हाई सांगता येत.”

“आज सांगू नका. सोमवारी सांगा.”

त्यानं कागदावर सही केली. जीपची चावी टेबलावर ठेवली आणि चावीवरचा हात थोडा वेळ तसाच राहू दिला. मग उठला. शिल्पाही उठली. केशरताईंनी सांगितलेलं सगळं तिनं केलं होतं, काही चुकलं नव्हतं. तरी टेबलाची कड तिनं घट्ट धरून ठेवली होती.

परशुराम दारापर्यंत गेला. बाहेर कुणी नाही हे बघून त्यानं दार लोटलं आणि मागं वळला.

“तुज्या आईला म्या सांगतो,” तो म्हणाला. “तू घरला आलीस की गप जेवायला बस.”