घरचं पत्र

भावाच्या पत्राला मिशनमधल्या ब्रदर फेर्मिनने उत्तर दिलं नव्हतं. पत्र स्पेनहून आलं तेव्हा उन्हाळा होता. आता दिवाळी होऊन गेली होती. वडील गेले, दफन झालं, असं भावाने लिहिलं होतं. शेवटी एक मागणी होती. 'थडग्याचा दगड तयार आहे. नावाखाली एक ओळ कोरायची आहे. तू देवाच्या कामाला गेलास, शब्द तुझ्याकडे असतात. पाठव. तोवर दगड कोरा ठेवतो.'

फेर्मिनकडे ओळ नव्हती. बायबलमधल्या पुष्कळ ओळी त्याला पाठ होत्या. विक्रोळीच्या या चाळींत कुणी गेलं की त्यातलीच एखादी तो मराठीत सांगायचा आणि माणसं मान हलवायची. वडिलांसाठी त्याने एकेक आठवून पाहिली. सगळ्या बरोबर होत्या. वडिलांची त्यात एकही नव्हती. रडूही आलं नाही. मिशनच्या घरी वडिलांसाठी मिस्सेची प्रार्थना झाली, तिला तो उभा राहिला, आणि परत येऊन त्याने चाळीतल्या आपल्या खोलीतला दवाखाना उघडला. पत्र कापसाच्या डब्याखाली ठेवलं.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी अंजनाबाई आली. समोरच्या चाळीतली, मालवणकडची. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून ती मासे विकायची. विळीवर बोट कापलं होतं. फेर्मिनने डबा उचलला तसं पत्र खाली पडलं.

"घरचं काय ओ, बरदर?"

"हो."

"बरं हाय ना सगळं?"

"वडील गेले," तो म्हणाला आणि तिचं बोट धुऊ लागला.

तिने हात मागे घेतला. "कधी?"

"एप्रिलमध्ये."

"आणि ती चिठ्ठी तेव्हापासून घरात?" अंजनाबाई उठून उंबऱ्यापाशी गेली. "अहो, असली चिठ्ठी दारातच वाचतात. वाचली की फाडतात, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करतात. कोणी सांगायला नव्हतं तुमाला?"

"आमच्यात असं नाही."

"मग तुमच्यात काय करतात?"

याचं उत्तर फेर्मिनला येत होतं. लोकांना त्याने ते अनेकदा दिलं होतं.

"मी काहीच केलं नाही," तो म्हणाला.

त्याने बोटाला पट्टी बांधून दिली. ती झाल्याबरोबर अंजनाबाईने त्याचीच बादली उचलली आणि बाहेरच्या नळाखाली लावली. "या," ती म्हणाली. नको म्हणावं इतकंही त्याला काही वाटत नव्हतं. तो जाऊन नळाजवळच्या फरशीवर बसला, शर्टपँटसकट.

शेजारी चाळीतलाच धोंडिराम दात घासत होता. "काय बरदर, आज माणूस आणि कपडे एकदमच धुवायला काढलेत?"

"गप रे. बाप गेलाय त्यांचा."

"अरेच्चा." धोंडिरामने चूळ भरली. "सॉरी हां, बरदर." मग काय करावं ते न सुचून त्याने आपली भरलेली कळशीही पुढे सरकवली.

फेर्मिनने डोक्यावर तांब्या ओतला. पाणी गार होतं. बाकी काही झालं नाही.

"काय करायचे वडील?" अंजनाबाईने विचारलं.

"पोस्टमन होते. सायकलवर. खालच्या गावातून पत्रं घेऊन वर यायचे."

"म्हणजे तुमची पत्रं तेच आणायचे? मग बरं होतं की. पयलं आपलं वाचायचं, मग लोकांचं टाकायचं."

"नाही," फेर्मिन म्हणाला. नाकावरून पाणी गळत होतं. "आमचं घर गावाच्या तोंडाशी. माझं पत्र पिशवीत असलं तरी ते दारावरून पुढे जायचे. आई हाक मारायची. थांबायचे नाहीत. सगळ्या गावाची पत्रं टाकून झाली की परत यायचे, दार ठोठावायचे, आणि मग तिच्या हातात द्यायचे."

"आपल्याच घराचं दार ठोठावायचे?"

"हो. घरचं पत्र शेवटी."

"काय पण माणूस!" अंजनाबाई हसली. "आणि त्या माउलीने तोवर काय करायचं?"

"खिडकीत उभी राहायची."

तांब्या भरलेला होता. तो त्याने तसाच हातात धरून ठेवला.

"ओता ओ," अंजनाबाई म्हणाली. "तसेच वाळाल."

त्याने ओतला. मग उठून ओल्या कपड्यांनी दवाखान्यात गेला, पत्र घेऊन दारात आला, उभ्याउभ्या पुन्हा एकदा वाचलं आणि फाडलं. ओल्या हातांना शाई लागली.

"वाट लागली," धोंडिराम म्हणाला. "पत्ता पण त्यातच असेल ना? आता उत्तर कुठे पाठवणार?"

"तो माझ्याच घराचा पत्ता आहे," फेर्मिन म्हणाला.

दुपारी त्याने पोस्टातून निळं एअर लेटर आणलं. उत्तराला उशीर झाल्याचं भावाला लिहिलं. खाली ओळ लिहिली: 'घरचं पत्र त्यांनी नेहमी शेवटी दिलं.' ती पुन्हा वाचली नाही. पत्त्यावर आजवर तो वडिलांचंच नाव घालत आला होता. पहिलं अक्षर त्याच नावाचं पडलं. ते खोडून त्याने भावाचं नाव लिहिलं.

हायवेजवळच्या लाल डब्यात त्याने पत्र टाकलं आणि क्षणभर तिथेच उभा राहिला. गावाला आता दुसरा पोस्टमन असेल. घर गावाच्या तोंडाशीच आहे. हे पत्र तो सगळ्यात आधी टाकील.