एक तरी तक्रार हवी

“घाबरल्यासारखं लिही, पण अक्षर नीट काढ,” मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलेल्या शिलाई मशीनवरच्या बाईला बजावलं आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन चष्मा पुसला.

हुशारीच म्हणायची. गेल्या वर्षी तपासणीला आलेल्या बाईंनी शेरा मारला होता: महिला तक्रार समिती कागदावर आहे, धोरण भिंतीवर आहे, तक्रार मात्र एकही नाही. हे मॅनेजरच्या फार जिव्हारी लागलं. समिती चालवण्यापेक्षा तक्रार तयार करणं त्याला सोपं वाटलं. आरोपी व्हायचं म्हटल्यावर बाकीच्या पुरुषांनी कानांवर हात ठेवले. सुपरवायझर तेवढा हसत पुढे आला. “कागदावरच ना? होऊ की आपण!”

तक्रारदार म्हणून हिला निवडलं, कारण ही तोंडातून ब्र काढत नसे. वर्षापूर्वी एकदाच काढला होता. याच सुपरवायझरने कापडाच्या गोदामात दार लावून घेतलं, हे सांगायला ती याच केबिनमध्ये आली होती. “थट्टा केली असेल, मनावर घेऊ नकोस,” असं म्हणून मॅनेजरने तिला मशीनवर परत धाडलं. त्या दिवसापासून सुपरवायझर रोज तिलाच गोदामात पाठवत होता.

माणसं पुन्हा पुन्हा कोण गोळा करणार, म्हणून फॉर्मचा खालचा भाग कालच उरकून घेतला होता. ‘आरोप मान्य आहेत’, खाली सुपरवायझरची सही. ‘तक्रार स्वतः वाचली, चौकशीत खरी आढळली’, खाली मॅनेजरची सही आणि ठसठशीत शिक्का. वरची जागा कोरी. तिथे तिने मॅनेजरने दिलेल्या चिठ्ठीतली एकच ओळ उतरवायची होती: सुपरवायझरांनी माझ्या केसांना छान म्हटलं, ते मला आवडलं नाही.

बाहेर गाडी थांबली. मॅनेजर पुष्पगुच्छ घेऊन फाटकाकडे पळाला.

तिने चिठ्ठी बाजूला सारली आणि लिहायला लागली. शेजारी माल तपासणारी मावशी बसली होती. आपण समितीच्या अध्यक्ष आहोत, हे तिला कालच सही करताना कळलं होतं. ती वाचत होती. गोदाम आलं. तारखा आल्या. मॅनेजरची केबिन आली, त्याचं वाक्य जसंच्या तसं आलं. लिहिणारीचा हात थांबत नव्हता. मावशीने दाराकडे एक नजर टाकली आणि हळूच म्हणाली, “जागा पुरत नसेल तर समासात लिही गं.”

तपासणीच्या बाई आत आल्या. पुष्पगुच्छ टेबलावर ठेवून त्यांनी फॉर्म उचलला आणि उभ्यानेच शेवटपर्यंत वाचला. मॅनेजर हात चोळत कौतुकाची वाट बघत होता.

“ही सही तुमची?”

“माझीच, मॅडम! आमच्याकडे प्रत्येक तक्रार मी स्वतः वाचतो.”

बाईंनी फॉर्म त्याच्याकडे वळवला, पण हातातून सोडला नाही.

“मग आता वाचा.”