पदरचे शब्द

काचेच्या खोलीत बसून मी धाकूबाईंचं बोलणं इंग्रजीत सांगत होते. हवामान परिषदेत रायगडच्या या कोळणीला बोलायला तीनच मिनिटं मिळाली होती. त्यांचं लिहून आणलेलं भाषण माझ्यासमोर होतं. दुभाष्यानं पदरचा शब्द घालायचा नसतो. वीस वर्षांत मी एकही घातला नव्हता.

"सासूनं सारवलेल्या दारातल्या खल्यावर मी सुकट वालवायची," त्या म्हणाल्या. "आता तिथं समुद्र हाय. गेल्या महिन्यात सासू गेली. जाताना इचारते, सुकट आत घेतलीस का? मी हो बोलले."

हे कागदावर नव्हतं. एवढं बोलून त्या थांबल्या, आणि मीही.

पुढचं भाषण वाचून टाकणं सोपं होतं. वाचवेना. सभागृहात लोक हेडफोन ठोकून बघू लागले. एकानं तर चिडून तंत्रज्ञाला हात केला. माझं डोकंच फिरलं.

"हेडफोन बिघडलेले नाहीत," मी माइकवर म्हणाले. "बाई रडताहेत. थांबा जरा."

ठोकणं बंद झालं. वेळ संपल्याचा लाल दिवा लागला, तरी अध्यक्षांनी त्यांना अडवलं नाही.

नंतर धाकूबाई मला शोधत आल्या. "माजा सगला सांगितलास ना, बाय?"

"सगळं."

"मी गप झाले, तवा?"

"तेही सांगितलं."

त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं आणि माझे डोळे पुसले.